डॉक्टरांचा आवाज कुठे गेला

डॉक्टर अष्टपुत्र्यांचा आवाज गेला त्या वेळी मी शांतपणे चहा पीत होतो. पुढे या चहाचा माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून उपयोग झाला, म्हणून आधीच सांगून टाकतो की चहा गार होता आणि त्यात साखर नव्हती. दुसऱ्याचं वाटोळं करून ज्याला ते साजरं करायचं असतं, तो माणूस असला चहा पीत नाही.

सकाळचे सात नुकतेच वाजून गेले होते. समोर संगणकाच्या पडद्यावर हिरव्या पट्ट्या वरखाली नाचत होत्या. पट्ट्या नाचताहेत म्हणजे कार्यक्रम चालू आहे, एवढं आमच्या रेडिओ केंद्रात सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यापलीकडे कुणालाच काही ठाऊक नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून एका बाईंनी विचारलं, "डॉक्टरसाहेब बरं हाईत न्हवं?"

मी म्हटलं, बरेच असतील, का हो?

"बोलंनात की."

फोन ठेवतो न ठेवतो तो पुन्हा वाजला, मग पुन्हा. एका गृहस्थांनी तर प्रकृतीची चौकशी वगैरे न करता थेट, किती वाजता नेणार आहेत, असंच विचारलं. तेव्हा मी खोलीतल्या स्पीकरचं बटण वर केलं. हे बटण मी डॉक्टरांच्या कार्यक्रमापुरतं बारीक करून ठेवत असे. पूर्ण बंद नाही, मी काही इतका खुनशी नाही. वर केलं तरी आवाज शून्य. पट्ट्या मात्र अशा नाचत होत्या की जणू डॉक्टर आत बसून भाषण ठोकताहेत. मी इकडची वायर हलवली, तिकडचं बटण दाबलं, संगणकाच्या डोक्यावर एक चापट मारून पाहिली. तोवर डॉक्टरांची वेळ संपली आणि माझा कार्यक्रम सुरू झाला. तो इतका खणखणीत लागला की मीच दचकलो.

नेमक्या त्याच क्षणी मगदूम मॅडम धावत जिना चढून आत आल्या. त्यांनी पाहिलं ते असं: डॉक्टर मुके, मी रेडिओवर गडगडतोय, आणि खुर्चीत मीच, हातात कप.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. आमचं केंद्र तालुक्याच्या दूध संघाच्या गच्चीवर, पत्र्याच्या दोन खोल्यांत होतं. आसपासच्या वाड्यावस्त्यांपुरतं ते ऐकू यायचं. उज्ज्वला मगदूम केंद्रप्रमुख, म्हणजे त्याच निवेदिका, त्याच हिशेबनीस आणि पत्रा गळला की त्याच प्लॅस्टिक अंथरणाऱ्या. सकाळी सातला आधी केंद्राची धून वाजायची, मग डॉक्टरांचं 'गोठ्यातून', मग माझा 'चिमटा', आणि मग मॅडम स्वतः माईकवर बसून दिवसभराची सूत्रं हाती घ्यायच्या. पहिल्या तीन गोष्टी रेकॉर्ड केलेल्या. त्या संगणक आपला आपण लावायचा. त्यासाठीचं सॉफ्टवेअर फुकटचं होतं. जगभरच्या कुठल्या कुठल्या माणसांनी आपापल्या घरी बसून ते बनवलं होतं आणि कुणीही घ्या म्हणून ठेवून दिलं होतं. आमच्याकडे ते बसवणारा इंजिनिअर पुण्याला नोकरी लागून निघून गेला. त्यानंतर त्या यंत्राला हात लावायची हिंमत एकट्या मीच केली. सगळ्यांना वाटलं, देवस्थळी या वयातही काय उत्साही आहेत. खरं तर मला एवढंच बघायचं होतं की डॉक्टरांना माझ्यापेक्षा जास्त मिनिटं तर मिळत नाहीत ना. मिळत नव्हती. तरी मी रोज बघत असे.

अष्टपुत्रे जनावरांचे डॉक्टर. सरकारी नोकरीतून निवृत्त झाले होते. मी वर्तमानपत्रात आयुष्यभर तिरकस सदर लिहिलं, मंत्र्यांच्या टोप्या उडवल्या, आणि निवृत्तीनंतर माझी गाठ पडली ती म्हशीच्या अपचनावर बोलणाऱ्या माणसाशी. बरं, वाईट बोलत असते तर मी त्यांच्यावर प्रेमच केलं असतं. पण त्यांचा आवाज असा की सायीवरून चमचा फिरतोय. लोक त्यांच्यासाठी केंद्रावर खरवस आणून द्यायचे. माझ्यासाठी एकदा एका ग्रामसेवकाने वकिलाची नोटीस आणून दिली होती.

हेही मी सोसलं असतं. पण माझी बायको कुमुद हीसुद्धा त्यांची श्रोती निघाली. आमच्या घरी जनावर म्हणावं असं काही नाही. मांजरसुद्धा शेजारच्यांचं. दूध पिशवीतून येतं. तरी मी सकाळी केंद्रावरून परत आलो की पोह्यांची बशी पुढे ठेवता ठेवता ही सुरू: "अहो, डॉक्टर म्हणाले, वासराला चीक लगेच पाजायचा असतो." "डॉक्टर म्हणाले, गाय रवंथ करेना झाली की समजायचं, काहीतरी बिनसलं." माझ्या कार्यक्रमाबद्दल एक शब्द नाही. वाईटसुद्धा नाही. मी पोह्यांकडे बघत विचार करायचो की रवंथ तर आता माझाही थांबलाय, ते हिच्या का लक्षात येत नाही. विचारायची मात्र हिंमत नव्हती. जो माणूस बायकोला, माझं ऐकलंस का, असं विचारतो त्याला उत्तर आधीच मिळालेलं असतं.

तर मगदूम मॅडमनी त्या दिवशी डॉक्टरांचं रेकॉर्डिंग तपासलं. संगणकावर एकटंच लावून पाहिलं. छान वाजलं. दुपारी पुन्हा लावलं. पुन्हा छान. मॅडम म्हणाल्या, झालं असेल काहीतरी, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी सकाळी धून वाजली, डॉक्टर मुके, मी खणखणीत. दुपारी एकटंच लावून पाहिलं, उत्तम. तिसऱ्या सकाळी तेच. म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये खोट नाही, यंत्रात खोट नाही. आवाज जातो तो फक्त सकाळी, फक्त डॉक्टरांचा, आणि फक्त मी खोलीत असताना.

मी आयुष्यभर लोकांवर याहून कमी पुराव्यावर लिहिलं होतं.

मॅडमनी मला समोर बसवलं. बाई सरळ होती, आडून बोलायची नाही. म्हणाल्या, "काका, मी तुमच्यावर आरोप करत नाही. पण संघाच्या डायरेक्टरांच्या घरीसुद्धा 'गोठ्यातून' ऐकतात. शनिवारी समितीची बैठक आहे. तोपर्यंत कारण सापडलं नाही तर मला 'चिमटा' थांबवावा लागेल, आणि यंत्रापासून तुम्हाला लांब राहायला सांगावं लागेल."

"आणि सापडलं तर?"

"कारण सापडलं पाहिजे, काका. नुसतं चालू झालं तर लोक काय म्हणतील, मी सांगायला नको."

सांगायला खरंच नको होतं. डॉक्टरांचा आवाज आपोआप परत आला असता तर सगळे म्हणाले असते, बघा, बैठकीच्या धाकानं देवस्थळीनं केलेलं निस्तरलं. म्हणजे ज्या माणसाच्या आवाजाचा मला वीट आला होता तो हुडकून आणायचा, आणि वर तो मी लपवला नव्हता हेही सिद्ध करायचं. 'चिमटा' गेला असता तर माझ्याकडे काय उरलं असतं याचा मी हिशेब करून पाहिला. सकाळचं फिरणं उरत होतं आणि भाजी आणणं.

त्या फुकटच्या सॉफ्टवेअरची एक गंमत होती. ते वापरणारे सगळे अडाणी जीव इंटरनेटवर एका ठिकाणी जमून एकमेकांना अडचणी विचारायचे. मी तिथे माझ्या इंग्रजीत लिहिलं की पट्ट्या नाचतात पण आवाज येत नाही. चहा संपायच्या आत फिनलंडमधून उत्तर आलं. तिकडे कुणी गृहस्थ चर्चचं छोटं रेडिओ केंद्र चालवत होते. त्यांनी विचारलं, यंत्र बिघडण्याआधी तुम्ही त्यात शेवटचा बदल काय केला?

मी लिहिलं, काहीही नाही. आम्ही फक्त त्याची पूजा केली.

मग अतिशय सभ्य भाषेत उत्तर आलं: पूजा म्हणजे नेमकं काय केलंत, ते कृपया टप्प्याटप्प्याने लिहाल का?

आता खंडेनवमी फिनलंडला समजावणं सोपं नाही. शेतकरी नांगर पुजतो, सुतार करवत पुजतो, तसं आमच्या केंद्राने संगणक पुजला होता, हे मी लिहिलं. हत्यारांना त्या दिवशी विसावा द्यायचा, म्हणून संगणक बंद केला. सगळ्या वायरी काढल्या. ज्या दोन छोट्या काळ्या डब्यांमधून संगणकाचा आवाज बाहेर पडतो ते डबे फडक्यानं पुसले. सगळं पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या, पेढा ठेवला. दसऱ्याला मॅडमनी नुसत्या माईकवरून शुभेच्छा दिल्या. मग संध्याकाळी वायरी परत जोडल्या आणि संगणक सुरू केला.

उत्तर एका ओळीचं होतं. त्याच भोकांमध्ये?

मी खुर्चीत मागे टेकलो. कारण ते जोडण्याचं दृश्य मला लख्ख आठवलं. टेबलाखाली अंधार होता, मॅडमची साडी अडकत होती, माझे गुडघे वाकत नव्हते. तेव्हा डॉक्टर अष्टपुत्रे पुढे झाले होते. बाह्या सरसावल्या, तोंड दुसरीकडे वळवलं आणि अडलेल्या म्हशीच्या पोटात घालावा तसा हात टेबलामागे घातला. चाचपत चाचपत एकेक वायर खोचली. आम्ही सगळ्यांनी कौतुक केलं. मीसुद्धा केलं, मनातून जळत.

फिनलंडचे गृहस्थ सांगत गेले तसं मला कळत गेलं. हे सॉफ्टवेअर पंगतीतल्या वाढप्यासारखं दोन हातांनी वाढतं. पहिली गोष्ट उजव्या हातानं, दुसरी डाव्या, तिसरी परत उजव्या. म्हणजे एक गाणं संपता संपता दुसरं सुरू करता येतं, मध्ये खड्डा पडत नाही. दोन्ही हातांना एकेक काळा डबा दिलेला. पण सॉफ्टवेअर डब्याला तोंडानं ओळखत नाही, नंबरानं ओळखतं. आणि हे नंबर संगणक सुरू होताना, समोर जो आधी दिसेल त्याला आधी, असे वाटले जातात. डॉक्टरांनी डावा डबा भलत्याच भोकात खोचला, त्याचा नंबर मागे गेला, आणि त्याचा जुना नंबर पटकावला संगणकाच्या पडद्याने. त्या पडद्यालाही आवाजाची सोय असते, हे आमच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं. डावा हात मात्र इमाने इतबारे त्याच नंबराच्या ताटात वाढत राहिला.

धून उजव्या हातानं. डॉक्टर डाव्या हातानं. मी पुन्हा उजव्या. दुपारी एकटंच रेकॉर्डिंग लावलं की ते पहिलं, म्हणून उजव्या, म्हणून ठणठणीत.

हे खरं की नुसती फिनिश कल्पना, ते बघायला मी दुपारी खोलीत कुणी नसताना धून लावली आणि तिच्या मागोमाग डॉक्टर लावले. स्पीकरवर धून वाजली, मग शांतता. पडद्याच्या मागच्या बाजूला एक बारीक भोक होतं. त्यात इअरफोन खोचले. वायर आखूड, म्हणून मला पडद्याच्या पाठीला डोकं टेकवून उकिडवं बसावं लागलं. आणि तिथे, त्या धुळीत, डॉक्टर अष्टपुत्रे माझ्याशी बोलत होते.

त्यांचा कार्यक्रम मी पहिल्यांदाच कान देऊन ऐकत होतो. म्हैस पान्हवत नसेल तर काय करावं, हा विषय. ते म्हणत होते, "आधी काही करू नका. तिच्याशेजारी नुसते बसा. थोपटूसुद्धा नका लगेच. तुम्हाला घाई नाही हे तिला कळू द्या. तिला दूध द्यायचं नाही असं नसतं हो. आपलं घाईघाईनं मागणं तिला भिववतं."

कान काढून घ्यावेत असं मला वाटत होतं. मी शेवटपर्यंत ऐकलं. त्यात एक शब्द फालतू नव्हता, एक कोटी नव्हती, आणि बोलताना या माणसाला आपण कसं बोलतोय याची शुद्धच नव्हती. त्याआधी मला त्यांचा हेवा वाटायचा तो त्यांच्या खरवसाचा. त्या दुपारी पाय बधिर होऊन मी उठलो तेव्हा हेवा चांगला सज्ञान झाला होता.

बिघाड दुरुस्त करणं आता सेटिंगमध्ये एक नंबर बदलण्याचं काम होतं. मी ते केलं नाही. मॅडमना आणि डॉक्टरांना बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. फक्त टेबलाखाली हात कुणी घातला होता तेवढं गाळलं. 'जोडताना कुणाकडून तरी' असं म्हटलं. मॅडमना दोन हातांची गोष्ट पटली असावी, पण चेहरा पूर्ण मोकळा होईना. मी म्हटलं, "उद्या सकाळी मी धून दोनदा लावतो. पहिली उजव्या हातानं, दुसरी डाव्या. मग डॉक्टर येतील उजव्यावर. ते वाजतील."

"आणि तुम्ही?"

"मी डाव्यावर. मी मुका."

डॉक्टर म्हणाले, "देवस्थळी, कशाला स्वतःचा कार्यक्रम घालवता? विश्वास आहे आमचा."

मला माझ्यावर विश्वास नको होता, पुरावा हवा होता. शिवाय मनात दुसरंही काही होतं, तेही सांगतो. डॉक्टर मुके झाले तेव्हा फोन थांबत नव्हता. मला बघायचं होतं, मी मुका झालो तर काय होतं.

दुसऱ्या सकाळी आम्ही तिघं खोलीत. स्पीकर वर केलेला. एक धून वाजली. दुसऱ्या धुनीच्या जागी शांतता, आणि मग डॉक्टरांचा आवाज असा भरून आला की खालच्या आवारात कॅन लावणारी माणसं मान वर करून बघू लागली. फोन सुरू झाला. मॅडम एकेक उचलत होत्या आणि हसत होत्या: हो, बरे आहेत, इथेच बसलेत, हो, सांगते. एका आजींना तर डॉक्टरांनी स्वतः फोनवर खोकून दाखवलं तेव्हा त्यांचं समाधान झालं.

मग डॉक्टर संपले आणि माझी पाळी आली. हिरव्या पट्ट्या नाचायला लागल्या. खोलीत चिडीचूप.

मी फोनकडे बघत होतो. मॅडमही आधी माझ्याकडे, मग फोनकडे बघू लागल्या. डॉक्टर खिडकीतून बाहेर बघत होते, ते माझ्यासाठी, हे मला कळत होतं. फोन काळा, चकचकीत, अतिशय निरोगी दिसत होता. एकदा तर मी रिसीव्हर उचलून आतली घरघर येतेय ना हे बघितलं. येत होती. माझा तो सगळा कार्यक्रम, त्यातल्या दूध संघाच्या नव्या टाइल्सवरच्या दोन चांगल्या कोपरखळ्यांसकट, शांततेत वाहून गेला. तालुक्यात कुणाला काही झालं नाही.

मॅडम उठल्या. त्यांचा चेहरा आता मोकळा झाला होता. "सिद्ध झालं, काका. मी समितीला सांगते, तुमचा काही संबंध नाही. उलट तुमच्यामुळे सापडलं." मग मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या, "आणि बरं झालं, कुणाच्या लक्षात आलं नाही."

डॉक्टर खिडकीपासून वळले. "मॅडम, त्या दिवशी वायरी मी जोडल्या होत्या. तो हात माझा. समितीला तेही सांगा." आणि माझ्याकडे बघून, "तुम्हाला ठाऊक होतं ना? बोलला नाहीत."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरांबद्दल. कबूल करण्याचा मोठेपणा त्यांचा ठरला. माझ्या गप्प बसण्याला त्या गर्दीत कुठे जागा उरली नाही. मी सेटिंगमधला नंबर बदलला, दोन्ही हात वाजवून दाखवले आणि घरी निघालो.

घराला कुलूप होतं. सकाळच्या त्या वेळी कुमुद कुठे जात नाही. शेजारच्या चौगुले वहिनी गॅलरीत होत्या. त्या म्हणाल्या, "मघा आमच्याकडे आल्या होत्या, तुमचा रेडिओ लागतोय का बघू म्हणून. मी म्हटलं, आम्ही कुठला लावतोय. मग रिक्षा करून मुल्लाणींच्या दुकानात गेल्या."

मुल्लाणींचं दुकान बाजारपेठेच्या टोकाला होतं. मिक्सर, इस्त्री, रेडिओ, सगळं दुरुस्त करायचे. मी पोहोचलो तेव्हा काउंटरवर आमचा रेडिओ पोट उघडून पडला होता आणि त्यातून मगदूम मॅडमचा आवाज स्वच्छ येत होता. मुल्लाणी मला बघून सुटल्यासारखे झाले. म्हणाले, "साहेब, तुम्हीच सांगा वहिनींना. ह्यात काही बिघाड नाही."

"आत्ता नाही," कुमुद म्हणाली. "मघाशी होता. डॉक्टरांचं संपेपर्यंत नीट होता. ह्यांचं सुरू व्हायची वेळ झाली आणि बसला. मी सेल बदलले. एरियल ओढून बघितली. खिडकीत नेला, गॅलरीत नेला. खुर्र पण नाही."

मी तिथल्या स्टुलावर बसलो. म्हटलं, रेडिओ चांगला आहे. आज माझा आवाज मीच बंद ठेवला होता. का, तेही सांगितलं, थोडक्यात. मुल्लाणी मान डोलवत रेडिओची झाकणं लावू लागले.

कुमुद म्हणाली, "आधी सांगायचं ना. नवे सेल घातले मी."

"तू रोज ऐकतेस?"

"मग?"

"कधी बोलली नाहीस."

"काय बोलायचं?" तिला प्रश्नच कळला नव्हता. "तुमचंच तुम्हाला काय सांगू? तुम्हाला ते ठाऊकच असतं. डॉक्टरांचं तुम्ही ऐकत नाही, म्हणून ते सांगत होते."

मुल्लाणींनी झाकणाचा स्क्रू पिळता पिळता हात थांबवला आणि पुन्हा पिळायला घेतला. मी काही न बोलता बसून राहायला हवं होतं. शहाणा माणूस तिथेच उठला असता. पण इतक्या दिवसांचं आत साठलं होतं. रिक्षात बसल्यावर, रेडिओ तिच्या मांडीवर असताना, मी विचारलंच, दोघांतलं चांगलं कुणाचं?

"डॉक्टरांचं," तिनं एका क्षणाचाही विचार न करता सांगितलं. मग बाजारातल्या खड्ड्यात रिक्षा आपटली तसा तिनं रेडिओ घट्ट धरला आणि म्हणाली, "तुमचं मी चांगलं असतं म्हणून ऐकते होय?"



त्यानंतर सकाळी केंद्रावर जायची मला गरज वाटेना. यंत्र दोन्ही हातांनी नीट वाढत होतं. दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदाच त्या वेळी घरी होतो. स्वयंपाकघरात ओट्यावर रेडिओ, कुमुद कांदा चिरतेय, मी पाटावर. 'गोठ्यातून' आम्ही दोघांनी ऐकलं. कोंबड्यांच्या सर्दीवर होतं. छान होतं, काय करणार. मग 'चिमटा' सुरू झाला, आणि पहिल्याच वाक्याला मला सांगावंसं वाटलं की हे मला कसं सुचलं आणि पुढे काय येतंय. मी सांगायला लागलो.

"अहो, जरा गप्प बसता का," कुमुद म्हणाली. "ऐकू द्या."

मी गप्प बसलो. रेडिओतला माणूस काहीतरी बोलला आणि कुमुद सुरी खाली ठेवून हसली. मला तो विनोद काही खास वाटला नाही.